दोन बोटं उजवीकडे

१ फेब्रुवारी, रविवार

काल सहाव्या होलवर हातभर अंतरावरून चेंडू आत गेला नाही. मास्तरांनी साफ सांगितलं, रोज किती मारले, किती गेले आणि मारताना डोक्यात काय होतं हे लिहिणार नसाल तर माझ्याकडे शिकायला येऊ नका. म्हणून ही वही. मला लिहिण्याची हौस नाही. एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते तेव्हा रोज लिहीत होते, पण ते दुसऱ्यांच्या चुकांबद्दल.

वस्तुस्थिती अशी. गोल्फमध्ये लोक लांबचे फटके बघतात, पण डाव बिघडतो तो शेवटच्या दहा पावलांत. होलभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवताला ग्रीन म्हणतात. तिथे पटर नावाच्या काठीने चेंडू हलकेच ढकलायचा असतो. ते माझं काम. वन्सं लांब मारतात, मी ढकलते. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. चेंडू दोघींचे वेगळे, पण दर होलला जिचे फटके कमी, तिचा आकडा जोडीचा धरतात. सव्वीस वर्षं आमची जोडी आहे.

ग्रीन वाचायचं काम मात्र पहिल्यापासून वन्संचं. उतार कुठे, चेंडू किती वळेल, हे त्या चेंडूमागे उभं राहून, एक डोळा मिटून, हात लांब करून बोटांनी मोजतात आणि सांगतात, "दोन बोटं उजवीकडे." म्हणजे होलच्या दोन बोटं उजवीकडे नेम धरायचा. सरकारी शिक्का नसलेल्या मापावर मी जन्मात विश्वास ठेवला नाही. वन्संच्या बोटांवर ठेवला.

अठ्ठावीस तारखेला जोडी चषकाची निवड फेरी आहे. आठ जोड्या घेतात. काल कपडे बदलायच्या खोलीत पलीकडच्या रांगेतून क्लबच्या चिटणीसबाईंचा आवाज ऐकला. "एकीमुळे दुसरीची फरफट चाललीय, पण सांगणार कोण?" एकी कोण ते मला कुणी सांगायला नको. गेल्या तीन महिन्यांत हुकलेले सगळे फटके माझे आहेत. वन्सं ग्रीनवर हल्ली मारतच नाहीत. "तू आहेस ना, मी कशाला वाकू," म्हणून चेंडू उचलून खिशात टाकतात. गुडघे.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. आधी उपकरण, मग हात, मग जागा. माझा पटर बावीस वर्षांचा आहे. नवा मागवला.


३ फेब्रुवारी, मंगळवार

पटर आला. काळा, रुंद तोंडाचा, नेमासाठी वर पांढरी रेघ. कागदावर डोक्याचं वजन तीनशे पन्नास ग्रॅम लिहिलं आहे. डोकं सुटं होतं म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. तीनशे बासष्ट. पुन्हा ठेवलं. तीनशे बासष्ट. कंपनीला पत्र लिहायला घेतलं, तेव्हा हे म्हणाले, "अगं, जास्तच दिलंय ना? कमी दिलं असतं तर फाशी दे."

ह्यांच्या भाषेत पटर म्हणजे ढकलकाठी.

घरातल्या बोळात सराव. टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला, अंतर बारा फूट. पन्नास मारले, एकतीस गेले. दर वेळी टण्ण आवाज होतो. ह्यांनी पेपर वाचताना कानात कापूस घातला.

डोक्यात काय होतं: चिटणीसबाईंचा आवाज.


५ फेब्रुवारी, गुरुवार

पन्नासात अडतीस. सुतारकाम करणाऱ्या शेजाऱ्यांकडून पाणसळ आणून बोळ तपासला. फरशी स्नानघराकडे किंचित उतरते. घर बांधणाऱ्याला सोडून इतकी वर्षं मी जगात सगळ्यांची मापं तपासली.

हातही तपासला. काठोकाठ पाण्याचा ग्लास धरून पाच मिनिटं उभी राहिले. थेंब सांडला नाही. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "कुणाची शिक्षा भोगतेयस?"


७ फेब्रुवारी, शनिवार

मैदान. नेहमीप्रमाणे साडेसहाला वन्संची गाडी आली. मला गाडी येत नाही. नोकरीत असताना जीप होती, चालक होता, शिकायची वेळ आली नाही. डाव्या बाजूचा आरसा फुटून लोंबत होता. म्हणाल्या, "बाजारात उभी होती, कुणीतरी घासून गेलं. लोकांना डोळे नाहीत." तक्रार केली का, असं विचारलं. "तू आहेस की, कर पंचनामा."

मान अजून दुखते आहे त्यांची. सिग्नलला वर बघायला त्रास होतो म्हणून "हिरवा झाला की सांग गं" म्हणतात. मी सांगते. मान दाखवून घ्या, असं चौथ्यांदा सांगितलं. चेंडूकडेही हल्ली तिरक्या बघतात, कोंबडी दाणा बघते तशा. पण फटका बसतो तो झणझणीत. मारून झाल्यावर विचारतात, "कुठे गेला गं माझा?" पूर्वी चेंडू हवेत असतानाच सांगायच्या की दगडावर आपटणार. आता फटका मारला की संपलं, मागे बघायचं नाही. ही बेफिकिरी मला कधी जमली नाही.

निकाल: तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या ग्रीनवर हुकले. बाकी सहा ठिकाणी नवा पटर सोन्यासारखा चालला. सहाव्यावर वन्सं म्हणाल्या, "दोन बोटं उजवीकडे." मी बरोब्बर दोन बोटं धरली. चेंडू वळायचा तिकडे वळलाच नाही, उलट आणखी उजवीकडे पळाला. ढकलताना मनगट वळलं असणार.

वन्संचा सराव मात्र मानला पाहिजे. पूर्वी एक डोळा मिटून दोन मिनिटं बघायच्या. आता ग्रीनवर पाय ठेवायच्या आधीच बोटं सांगून मोकळ्या होतात.

परत येताना मी म्हटलं, "वन्सं, माझ्यामुळे निवड हुकली तर?"

"हुकली तर हुकली. तू तोंड पाडून बसू नकोस, गाडीत जागा कमी पडते."


१० फेब्रुवारी, मंगळवार

पन्नासात त्रेचाळीस. मनगटाला पट्टी बांधून मारले.

वन्संनी ह्यांच्या फोनवर बोलून निरोप पाठवला. हल्ली लिहीत नाहीत, बोलतात. हे म्हणाले, "ताई या वयात नवीन शिकते बघ." मी म्हटलं, शुद्धलेखन विसरण्याची ती सोपी वाट आहे.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांनी तासभर माझा फटका बघितला. सपाट ग्रीनवर वीस मारायला लावले. वीसच्या वीस आत.

म्हणाले, "बाई, फटक्यात खोट नाही."

"मग शनिवारी का हुकतो?"

"ग्रीन कोण वाचतं तुमचं?"

"वन्सं. सव्वीस वर्षं."

मास्तर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी सुटलेली नव्हती. मग म्हणाले, "एकदा स्वतः वाचून बघा." मी म्हटलं, सुतार चांगला असताना करवत मी कशाला हातात घेऊ? त्यांनी विषय बदलला. बहुधा मनातून त्यांना माझी दया आली. दया आलेली मला चालत नाही.


१४ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

जाताना पेट्रोल पंपाजवळ रस्त्याच्या मधोमध सिमेंटचा दुभाजक घातला आहे. वन्संनी गाडी सरळ त्याच्या उजव्या अंगाने घातली, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या वाटेत. समोर पाण्याचा टँकर. मी ओरडले. त्यांनी चाक वळवलं, गाडी दुभाजकाच्या टोकाला घासून आपल्या बाजूला आली. टँकरवाल्याने जे म्हटलं ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

वन्सं थोड्या वेळाने म्हणाल्या, "काल नव्हता हा."

तो दुभाजक घालून पाच दिवस झाले. मी बोलले नाही. त्यांचे हात चाकावर पांढरे पडले होते. दचकलेल्या माणसाला वर आणखी टोचू नये.

मैदानावर पुन्हा तेच. तिसरं, सहावं हुकलं. आठव्यावर वन्सं म्हणाल्या, "एक बोट डावीकडे." ढकलताना गांधीलमाशी कानाशी आली, माझा हात झटक्याने उजवीकडे गेला. अगदी भिकार फटका. आणि चेंडू आत!

"बघ," वन्सं म्हणाल्या, "ऐकलंस की जातो."

पण मी ऐकलं नव्हतं. चुकीचा फटका मारला म्हणून चेंडू आत गेला. सदोष काट्यावर सदोष वजन ठेवलं की कधी कधी आकडा बरोबर येतो, तसं झालं. मग सदोष काय आहे? मी. दुसरं काय असणार?


१६ फेब्रुवारी, सोमवार

सरावात लक्ष नाही. पन्नासात एकोणचाळीस. सकाळी निर्णय घेऊन वन्संना फोन केला.

"वन्सं, मी निवड फेरी खेळत नाही. तुम्ही चिटणीसबाईंच्या भावजयीला घ्या. ती चाळिशीची आहे, हात स्थिर आहे."

"झालं बोलून? आता ऐक. तू नाही तर मीही नाही."

"हा हट्ट झाला."

"असू दे. तू सोडलंस तर शनिवारी मला कोण नेणार?"

"तुम्हीच तर मला नेता. गाडी तुमची."

मग म्हणाल्या, "तेच गं. तेच म्हणतेय मी."

फोन ठेवल्यावर ह्यांना सांगितलं. हे शब्दकोड्यावरून मान न उचलता म्हणाले, "ताई म्हातारी झाली." मी म्हटलं, तुमच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठ्या आहेत. म्हणाले, "मीही झालो."


१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज एकटी मैदानावर गेले. बसने. मास्तरांचं म्हणणं मानून नव्हे. तपासणी अर्धवट राहिली होती म्हणून. उपकरण झालं, हात झाला, जागा राहिली.

बरोबर जुनी खिशातली वही घेतली. बारा वर्षांपूर्वी, निरीक्षकाच्या सवयीने, मी वन्संची बोटं लिहून ठेवली होती. पहिलं ग्रीन: एक बोट उजवीकडे. दुसरं: सरळ. तिसरं: दीड डावीकडे. असं नवव्यापर्यंत. आमचं मैदान लहान, होलच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे बोटंही साधारण तीच राहतात. शेजारी गेल्या दोन शनिवारची बोटं लिहिली.

नऊच्या नऊ सारखी. अर्ध्या बोटाचाही फरक नाही.

मला अभिमान वाटला. बारा वर्षं एक माप न बदलणारा माणूस मी नोकरीत पाहिला नव्हता.

मग एकेका ग्रीनवर वन्संच्या बोटांप्रमाणे पाच पाच मारले. पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं, सातवं, नववं: जवळजवळ सगळे आत. तिसरं, सहावं, आठवं: एकही नाही. तेव्हा पाणसळ काढली (पिशवीत होती, शेजाऱ्यांना परत करायची राहिली आहे) आणि सहाव्यावर आडवी ठेवली. बुडबुडा उलट्या बाजूला गेला. तिसऱ्यावरही. आठव्यावरही.

गवताला पाणी देणारा माळी हसला. "बाई, काय मोजताय? ही तीन ग्रीनं दिवाळीनंतर खणली की. खालून पाइप टाकला. पाणी निचरावं म्हणून उतार फिरवलाय, आता बघणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळतं."

नुसत्या डोळ्यांनी कळतं. मी वाकून बघितलं. खरंच कळत होतं. मी सव्वीस वर्षांत एकदाही वाकले नव्हते.

बाकावर बसले. वन्सं ग्रीन बघत नाहीत. पाठ म्हणतात. जे बदललं नाही ते त्यांचं बरोबर येतं, जे बदललं ते चुकतं. दुभाजक. काल नव्हता हा. हिरवा झाला की सांग गं. कुठे गेला गं माझा. आरसा.

मी पंचनामे लिहिले आहेत. पुरावे इतके शिस्तीत एका ओळीत आले की मला वाईट वाटायच्या आधी राग आला, स्वतःचा. आणि मग एकदम भीती. शनिवारी सिग्नल मी सांगते. सोमवार ते शुक्रवार नातीला, भिंगरीला, शाळेत वन्संच सोडतात. तेव्हा सिग्नल कोण सांगतं?


२० फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरीचं वय सात. माझी भाची दवाखान्यात परिचारिका आहे, सातला हजर व्हावं लागतं, जावई जहाजावर. शाळेची बस त्यांच्या गल्लीत येत नाही. म्हणून आजी.

सव्वासातला वन्संकडे पोचले, दारातून हाक मारली. वन्सं म्हणाल्या, "तू? आज शुक्रवार ना?" त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. हे आज प्रथम लक्षात आलं. मी म्हटलं, मलाही त्या बाजूला काम आहे. मागे भिंगरीशेजारी बसले.

पहिला चौक आला. भिंगरी पुढे झुकून म्हणाली, "लाल, आजी, लाल. थांब. पांढरी गाडी जाऊ दे. आता हिरवा!"

"छान बोलतेस," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखा आला.

"आमचा खेळ आहे," ती म्हणाली. "मी पायलट. आईला सांगायचा नाही."

"वन्सं, गाडी बाजूला घ्या."

"शाळा पुढे आहे गं, अजून..."

"गाडी बाजूला घ्या."

एकतीस वर्षांत या आवाजाने शटरं उघडायला लावली आहेत. गाडी थांबली. भिंगरीला हाताला धरून शाळेपर्यंत चालत नेलं, अकरा मिनिटं लागली. ती विचारत होती, मी चुकीचा दिवा सांगितला का? मी म्हटलं, तू एकही दिवा चुकली नाहीस.

परत आले तेव्हा वन्सं तशाच चाकावर हात ठेवून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. हात त्यांच्या तोंडासमोर धरला.

"वन्सं, किती बोटं?"

"शाळा घेतेस का माझी?"

"किती?"

त्या तिरक्या झाल्या, कोंबडीसारख्या. मग सरळ बसल्या. "दोन," म्हणाल्या. "उजवीकडे."

मी चार धरली होती.

मग सांगितलं त्यांनी. ऑक्टोबरपासून. दोन्ही डोळ्यांत मधोमध राखाडी ठिगळ आहे, कडेचं दिसतं. दुरुस्त होणार नाही, इंजेक्शनांनी फार तर आहे तिथे थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. गाडी चालवायची नाही असंही म्हणाले. "तुझं तोंड नाही दिसत. कान दिसतात. एकंदरीत फायद्यातच आहे मी."

मी हसले नाही.

"भाचीला माहीत आहे?"

"तिला कळलं तर नोकरी सोडेल ती. का म्हणून? आणि मग मी काय करू? एका जागी बसून भाजी निवडू, तीही दिसत नाही. गाडी आहे तोवर त्या घरात माझं काम आहे. गाडी गेली की मी पाहुणी."

"आणि भिंगरी?"

त्या चाकावर अंगठा घासत राहिल्या.

"रस्ता पाठ आहे मला," शेवटी म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

"सहावं ग्रीनही पाठ आहे तुम्हाला. त्याचा उतार उलटा झालाय, तीन महिने झाले. दर शनिवारी तिथे मी चेंडू घालवते. चेंडूच जातो म्हणून बरं."

त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा असा बघितला. डोळे गेल्याचं त्यांनी पचवलं होतं, ग्रीन चुकल्याचं नाही. म्हणाल्या, "म्हणजे तुझे फटके मी..."

"ते राहू द्या. रविवारी संध्याकाळपर्यंत भाचीला तुम्ही सांगा. नाही तर मी सांगेन. आणि गाडी इथेच राहील, आपण रिक्षाने जाऊ."

"तू माझ्या भावाची बायको आहेस की पोलीस?"

"आज दोन्ही."

रिक्षात बसण्याआधी गाडीची चावी मी काढून घेतली. मी तडक दवाखान्यात गेले नाही, हे बरोबर की चूक? आज शुक्रवार, मधे दोन सुट्ट्या. भिंगरी दोन दिवस घरीच असणार. तेवढा हिशेब करूनच मुदत दिली. तरी जीव थाऱ्यावर नाही.


२१ फेब्रुवारी, शनिवार

वन्संचा फोन बंद. मैदानावर गेले नाही. बोळात पन्नास मारले, बावीस गेले. उपकरण तेच, जागा तीच. आज हात खोटा.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला सायकल ताईने शिकवली. मागून धरलंय म्हणायची आणि धरलेलं नसायचं." उठून गेले, शब्दकोडं अर्धं टाकून.

मुदत द्यायलाच नको होती. दुकानदाराला मुदत दिली की तो खोटं वजन विहिरीत टाकतो. आणि एकाकडे खोटं वजन सापडलं की दुसरं असतंच. गाडीच्या चाव्या दोन असतात. शुक्रवारी एक मी घेतली, आपल्या हाताने. दुसरीचं मला सुचलंच नाही.


२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी चार वाजले, फोन नाही. पाच. साडेपाचला मी चपला घातल्या. हे म्हणाले, मुदत संध्याकाळपर्यंत आहे ना? मी म्हटलं, संध्याकाळ म्हणजे किती वाजता हे लिहून दिलं नव्हतं, माझी चूक.

दार उघडलं तर बाहेर भाची उभी. डोळे सुजलेले. माझ्या गळ्यात पडली नाही, ओरडली. "मामी, तुला शुक्रवारी कळलं आणि मला आज कळतंय!"

"तुझ्या आईने सांगितलं?"

"आत्ता. तासापूर्वी."

"मग ठीक आहे."

"काय ठीक आहे? माझी मुलगी चार महिने त्या गाडीत..." मी पाणी दिलं. तिचं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं, आणि दोन बरोबर एका खोलीत मावत नव्हते. शेवटी तिला विचारलं, सकाळी सातला हजर व्हायचं ना? मग भिंगरीला मी नेईन. बस क्रमांक आठ, शाळेच्या दारात थांबते. पाहून आले आहे.

"रोज?"

"मी निवृत्त आहे. रोज पन्नास फटके मारते पेल्यात. त्यापेक्षा बरं."

"आणि आई?"

"त्याही येतील बसमध्ये. भिंगरीला गोष्टी कोण सांगणार? मला येत नाहीत."

ती हे शेवटचं ऐकून रडली. आधीचं ओरडणं मला सोपं गेलं होतं.


२८ फेब्रुवारी, शनिवार

निवड फेरी. आम्ही नवव्या आलो. आठ घेतात.

ते लिहून झालं. आता जे लिहायचं ते. तिसऱ्या ग्रीनवर वन्सं थांबल्या, बूट काढले आणि मोज्यांवर चेंडूपासून होलपर्यंत चालत गेल्या. हळू, पाय घासत. चिटणीसबाई बघत होत्या, बघू देत. वन्सं परत आल्या.

"अगं, हे तर खरंच उलटं झालंय," म्हणाल्या. "पायाला कळतंय. एक बोट उजवीकडे."

मीही वाकून बघितलं. माझ्या हिशेबाने दीड. आम्ही ग्रीनवर उभ्या राहून भांडलो, मागची जोडी खोळंबली. मी सव्वा धरलं. आत.

सहाव्यावर पुन्हा तसंच. आठव्यावर हुकलं, पण ती माझी चूक, जोर कमी पडला. उपकरण, हात, जागा, या तिन्हींच्या आधी वाचणारा तपासायचा असतो. खात्याच्या पुस्तकात हे नव्हतं.

बाकावर बसल्यावर वन्संना म्हटलं, "पुढच्या शनिवारपासून ग्रीनवर तुम्हीही मारायचं. गुडघ्यांना काही झालेलं नाही, मला माहीत आहे. नेम मी सांगेन."

"तुझी बोटं? तुझी बोटं जाड आहेत."

"प्रमाणित आहेत."


२ मार्च, सोमवार

सकाळी सात चाळीसला वन्संच्या घरी झालेली देवाणघेवाण. भाची रात्रपाळी करून आली होती, तिच्यासमक्ष.

वन्संकडून भाचीकडे: गाडीचे कागद. एक चावी आधीच माझ्याकडे होती, तीही भाचीला दिली. मग मी विचारलं, "दुसरी?"

"कसली दुसरी?"

"वन्सं, एकतीस वर्षं मी दुकानदारांचं दुसरंच वजन शोधत होते."

त्या उठल्या. भिंतीला हात लावत गेल्या आणि गोल्फच्या पिशवीत, चेंडूंच्या कप्प्यात तळाशी हात घालून चावी काढली. मुठीत धरून थोड्या उभ्या राहिल्या. कुणी घाई केली नाही. मग भाचीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतः मिटली. दुसरी चावी, एक.

भाचीकडून माझ्याकडे: भिंगरी, एक. दप्तर, पाण्याची बाटली, डावा बूट न बांधलेला.

माझ्याकडून वन्संकडे: पटर, काळा, नवा, डोक्यावर पांढरी रेघ, वजन तीनशे बासष्ट ग्रॅम (लेबलावर तीनशे पन्नास). रेघ जाड आहे, कडेने बघितली तर दिसते असं त्या म्हणाल्या. माझा जुना मला पुरेसा आहे, त्यात कधीच खोट नव्हती.

पावती मी लिहिली, वन्संची सही घेतली. सही रेघ सोडून खाली गेली. ग्राह्य धरली.